शकुनाचा शिरा

डॉक्टरांनी मला एकच साधा प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मला माहीत होतं, आणि मी खोटं दिलं. ह्या गोष्टीला तीन वर्षं झाली. पोळेत ती कुणाला माहीत नव्हती, गेल्या महिन्यात एकीला कळली. जिला पहिल्या दिवशी सांगायला हवी होती तिलाच.

गुजरातेतल्या पेटलादच्या आमच्या पोळेला, म्हणजे बंद गल्लीला, दरवाजा एक, आत घरं सोळा, आणि सोळा घरांत मिळून कुत्री एक. तिचं नाव काबरी. पांढऱ्या अंगावर काळे-तपकिरी ठिपके, एक डोळा काळ्या ठिपक्यात आणि दुसरा उघड्यावर, त्यामुळे ती कायम अर्धी रुसल्यासारखी दिसायची. झोपायची माझ्या ओट्यावर, कारण माझं शिलाई मशीन दाराशीच आहे आणि चिंध्यांचं गाठोडं तिला गादीसारखं वाटायचं. पण जेवायची सगळ्यांकडे. गायीची पहिली पोळी निघते तशी तिची शेवटची निघायची, प्रत्येक घरात.

ती व्याली की पोळ तिचं बाळंतपण करायची. घराघरातून वाटीभर जाडं पीठ, चमचा-चमचा तूप आणि गुळाचा खडा गोळा व्हायचा, आणि शिरा करायच्या त्या दिवाळीबा. शिरा दिवाळीबांनीच करायचा हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. माझी लेक पूर्वी, तिच्या जन्माच्या वेळचा शिरा त्यांनी केला, समोरच्या वसुमतीच्या दोन्ही बाळंतपणांचा केला, तसा काबरीचाही केला. त्यांच्या लेखी बाळंतीण ती बाळंतीण, दोन पायांची काय आणि चार पायांची काय.

दिवाळीबांचं घर अगदी दरवाजालगत. मुलगा बडोद्याला, सणावारी यायचा. बा एकट्या, पंचाहत्तरीच्या, दात मोजके आणि गोडाची हौस अफाट. पदराच्या गाठीत गुळाचा खडा असायचाच. बाजरीच्या रोटल्याबरोबर गूळ, चहाबरोबर गूळ, देवळात जाताना गूळ. मी म्हणायचे, "बा, तुम्हाला मुंगी चावत नाही ती नात्यातली म्हणून." त्या म्हणायच्या, "तुला मिरची आवडते म्हणून तुझी जीभ तशी. ज्याचं त्याचं, वहू." मला लग्न होऊन तीस वर्षं झाली, लेकीचं लग्न झालं, नवरा देवाघरी गेला, पण बांसाठी मी वहूच, नवी सून.

काबरी पाच वेळा व्याली. पाचव्या खेपेला सात पिल्लं. पहिली दोन दुधाच्या टेम्पोखाली गेली. तीन एका आठवड्यात हगवणीनं गेली. एक कुणीतरी नेलं, कुठं नेलं देव जाणे. मेलेली पिल्लं उचलायचं काम माझ्याकडे, कारण ओटा माझा. सुपलीत घालून मागच्या पडीक जागेत नेऊन पुरायची, आणि काबरी तिथपर्यंत माझ्यामागं यायची. सातवं पिल्लू बांनी आपल्या घरात ठेवलं होतं, जुन्या साडीत गुंडाळून. तेही त्यांच्या मांडीवर गेलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता पुरे. काबरीचं ऑपरेशन करून टाकायचं.

ठरवणं सोपं होतं. पोळेला पटवायला मला दोन महिने लागले. समोरची वसुमती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आईची कूस बंद करायची? कोकिलाबेन, कुठल्या नरकात जागा धरलीय?"

"तुझ्या शेजारचीच. तोवर उद्यापासून सुपली तू धर. पिल्लं तू पूर."

तिला ते पटलं नाही. बाकीच्यांचंही तेच, पाप लागेल, मुक्या जिवाची हाय लागेल. सगळे शेवटी दिवाळीबांच्या तोंडाकडे बघायचे. बा हो म्हणाल्या की पोळ हो म्हणणार, हे मलाही कळत होतं. मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसायचे. त्या ऐकून घ्यायच्या, गव्हातले खडे वेचत राहायच्या आणि विषय बदलायच्या. मग एका सकाळी स्वतःच माझ्या ओट्यावर आल्या. काबरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्या हातात सातवं गेलं गं. मला आता आठवं नको. ने तिला." आणि घरी निघून गेल्या.

पांजरापोळीच्या आवारात एक संस्था श्रावणात तीन दिवस फुकट ऑपरेशनं करणार होती. पुढचं शिबिर थेट दिवाळीनंतर. मध्ये भाद्रपद, आणि भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं ते सगळ्या जगाला माहीत आहे. म्हणजे श्रावणात झालं तर झालं, नाहीतर दिवाळीला परत पिल्लं आणि परत सुपली.

तयारी मी मन लावून केली, हे मात्र खरं. जंताचं औषध दिलं, रेबीजची सुई टोचून आणली. वजन हवं होतं म्हणून पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर तिला कडेवर घेऊन उभी राहिले, मग एकटी उभी राहिले आणि वजाबाकी केली. काबरीचं वजन सोळा किलो निघालं आणि माझं पोळेत जाहीर झालं. गिरणीवाला अजून मला बघितलं की काट्याकडे बघतो.

आदल्या संध्याकाळी मी सोळाही घरांच्या पायऱ्या चढले. प्रत्येक दारात तेच सांगितलं. "आज आठनंतर काबरीला काही द्यायचं नाही. उद्या सकाळी पोळीचा तुकडासुद्धा नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या नळीत जातं. जीव जाऊ शकतो." बांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली. "समजलं गं. उपास." मी काबरीला माझ्या पुढच्या खोलीत बांधून ठेवलं आणि दाराला आतून कडी घातली.

सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा दार उघडं होतं, कारण दूधवाला येऊन गेला होता. तेवढाच वेळ. बाहेर आले तर काबरी जागेवर होती, शेपटी हलवत होती. मी तिला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि जगाभाईच्या रिक्षात बसले. दरवाजाशी बा उभ्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, "जा, सुखरूप या." चेहरा इतका शांत होता की मलाच बरं वाटलं.

रिक्षा बाजारातून वळली तेव्हा मला वास आला. तुपात भाजलेल्या पिठाचा, वेलदोड्याचा. मी खाली बघितलं. काबरीच्या मिशांवर तूप चमकत होतं आणि ओठाच्या कडेला शिऱ्याचा कण चिकटला होता.

मला क्षणात समजलं. आमच्यात कुणी मोठ्या कामाला निघालं तर त्याला तोंड गोड केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. परीक्षेला निघालं तरी, कोर्टात निघालं तरी, दवाखान्यात निघालं तरी. आणि शकुनाचं खाणं हे खाणं नव्हेच. एकादशी असली तरी शकुनाचा कण जिभेवर ठेवतात आणि उपास मोडला असं कुणी म्हणत नाही. बांनी उपास पाळला होता. शकुनही पाळला होता. त्यांच्या हिशेबात दोन्ही वेगवेगळे होते.

मी पदरानं काबरीचं तोंड पुसलं. मिशा पुसल्या, ओठ पुसले, कण रिक्षाबाहेर टाकला. जगाभाईनं आरशातून विचारलं, "काय झालं बेन?"

"लाळ," मी म्हणाले.

तिथून परत वळायला हवं होतं. मी वळले नाही. डोक्यात एकच, हे शिबिर गेलं तर भाद्रपद. शिवाय पोळेला परत पटवायचं, वसुमतीचे टोमणे परत ऐकायचे. आणि अजून एक, ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी कामाची बाई, माझं काम असं परत आलेलं मला खपत नाही. वाटलं, चमचाभर शिऱ्यानं काय होतंय. किती खाल्ला होता ते मला कुठं ठाऊक होतं? नंतर कळलं. वाटीभर होता.

पांजरापोळीत रांग होती. डॉक्टर तरुण होते, रात्रभर झोपले नसावेत असा चेहरा. त्यांनी काबरीचं पोट दाबून बघितलं, छातीला नळी लावली, वजन लिहून घेतलं. मग विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही साहेब," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण जीभ सुटली की सुटतेच. "रात्री आठपासून कडक उपास. माझ्या एकादशीपेक्षा तिची बरी."

डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर खूण केली. काबरीला आत नेलं तेव्हा ती मागे वळून बघत होती.

बाहेर बाकावर बसून मी पदराचा तुपाचा डाग घासत होते. अर्ध्या तासानं आतून घाईची पावलं ऐकू आली, कुणीतरी नळी मागितली, कुणीतरी "डोकं खाली, डोकं खाली" असं ओरडलं. बरंच नंतर डॉक्टर बाहेर आले. हसण्याचा मागमूस नव्हता.

"बेन, गर्भाशय काढलं, टाके नीट पडलेत. पण शेवटी शेवटी तिला उलटी झाली. पोटात शिरा होता. बराचसा आम्ही ओढून काढला, तरी थोडा छातीत गेलाय. आता न्यूमोनिया होणार." ते थांबले. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी तिला टेबलावर घेतलं."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी औषधांची चिठ्ठी लिहून दिली, रोज इंजेक्शनला आणायला सांगितलं आणि पुढच्या कुत्रीकडे वळले.

संध्याकाळी पोळेत पोचले तेव्हा सगळ्या ओट्यांवर बायका उभ्या. काबरी चादरीत निपचित, डाव्या कानाचं टोक कापलेलं. रस्त्यावरच्या कुत्रीचं ऑपरेशन झालं की कान कापतात, म्हणजे पुन्हा कुणी पकडून नेत नाही. वसुमतीला तेच पहिलं दिसलं. "कूस घेतली ती घेतली, कान कशाला घेतला?"

"गप बस," मी म्हणाले. "उलटी झाली. पोटातलं छातीत गेलं. वाचेल का नाही माहीत नाही."

मग दरवाजाजवळून बांचा आवाज आला, अगदी बारीक. "मी सकाळी शिरा भरवला होता."

"बा!" वसुमती ओरडली. "कोकिलाबेननी घरोघरी येऊन सांगितलं होतं! काही घालू नका म्हणून!"

"खायला नाही घातलं गं. शकुनाचा होता." बांनी माझ्याकडे बघितलं. "वहू, तो पण चालत नव्हता? तुला माहीत असतं तर तू थांबवलंस असतंस ना?"

सगळी पोळ माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणाले, "मला कुठं माहीत होतं, बा."

पहिलं खोटं मी घाईत बोलले होते. हे दुसरं मी उभी राहून, विचार करून बोलले. पहिल्याला मी अजून काही ना काही कारणं देते. दुसऱ्याला माझ्याकडे कारण नाही.

दुसऱ्या दिवसापासून काबरीला ताप चढला. खोकायची, छातीतून खर्र खर्र आवाज यायचा, नाकातून पिवळं पाणी. त्यात टाके चाटू द्यायचे नव्हते. बादलीचा तळ कापून तिच्या गळ्यात घातला तर तिला श्वास घेता येईना, म्हणून मी नवरात्राच्या चणिया-चोळ्यांमधून उरलेल्या कापडाचं तिला अंगडं शिवलं. पुढच्या दोन पायांना दोन बाह्या, पोटावर मऊ अस्तर, पाठीवर नाड्या. कापड नारिंगी, बांधणीचं. वसुमती म्हणाली, "गरब्याला निघालीय जणू," आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून रडली. अंगडी रोज दोन शिवायचे, कारण एक धुवायला लागायचं. गिऱ्हाइकांच्या चोळ्या पडून राहिल्या.

डॉक्टरांनी वाफ द्यायला आणि नंतर छाती थापटायला शिकवलं होतं. पंजा खोलगट करून दोन्ही बरगड्यांवर हळूहळू थापटायचं, म्हणजे कफ सुटतो. माझ्या हाताला ते जमेना. मी एक तर जोरात मारायचे, नाहीतर भीतभीत. बांनी मला बाजूला केलं आणि रोटला थापावा तशी काबरीची छाती थापटायला लागल्या, एका लयीत, न थांबता. काबरी खोकली, कफ बाहेर पडला. दिवसातून चार वेळा बा येऊन थापटायच्या. पण तिला खायला काही दिलं नाही. गोळी पोळीत घालून भरवायची वेळ आली की वाटी माझ्याकडे सरकवायच्या. "तू दे. माझा हात नको."

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, उद्यापर्यंत श्वास मोकळा झाला तर ठीक. काबरीच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. वसुमती दारात होती, मी मशीनपाशी बसून हातानं अंगड्याला नाडी लावत होते. बा उठल्या. माझ्या घरातल्या माताजीच्या कोनाड्यापुढं जाऊन त्यांनी लोट्यातलं पाणी ओंजळीत घेतलं.

मला कळलं काय होणार आहे. सुई माझ्या बोटांत तशीच राहिली.

"माताजी," बा म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. ही उठली तर जन्मभर गूळ, साखर, काही गोड तोंडात घालणार नाही. ही माझी बाधा, माझा नवस." आणि त्यांनी पाणी सोडलं.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. "थांबा बा, दोष माझा आहे," एवढंच म्हणायचं होतं. पाणी ओंजळीत असेपर्यंत म्हणायचं होतं. पण दारात वसुमती होती, आणि उद्या सोळा घरांत ते पोचलं असतं. मी नाडी लावत राहिले. पाणी फरशीवर पडलं, ते मीच पुसलं.

सहाव्या दिवशी काबरी उठली. लटपटत माझ्या ओट्यावर गेली, उन्हात बसली आणि वसुमतीच्या हातची अर्धी पोळी खाल्ली. बाराव्या दिवशी टाके निघाले. टाक्यांचा व्रण बोटभर, त्यावर परत पांढरे केस आले. वसुमतीनं पेढे आणले आणि सगळ्यांना वाटले. बांच्या ओट्याशी आली तेव्हा बांनी हात पदराच्या गाठीकडे नेला, सवयीनं. गाठ रिकामी होती. "तुम्ही खा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तीन वर्षांत बांनी कशाकशाला नाही म्हटलं ते मी मोजलंय. जन्माष्टमीचा प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याला द्यायच्या. तीन दिवाळ्या. नातवाच्या लग्नात सगळे लापशी खात होते आणि वराची आजी एका कोपऱ्यात खिचडी खात होती. नातसून पाया पडायला आली तर तिच्या तोंडात गूळ घालायला बांनी शेजारणीला पुढं केलं. खाणं सोडलं ते बाधेमुळं, पण गोडाच्या पातेल्याजवळही जायच्या नाहीत. "माझा हात नडतो," म्हणायच्या. ज्या हातानं थापटून थापटून काबरीला वाचवलं तोच हात.

मी सांगायचं रोज ठरवलं. आधी वाटलं, काबरी पूर्ण बरी होऊ दे. मग नवरात्राची शिलाई आली. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. मग लग्नात त्यांना खिचडी खाताना बघितलं आणि त्या संध्याकाळी खरंच त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हणाले, "सुईदोरा संपला, आहे का?" शिंपिणीनं शेजारणीकडं सुईदोरा मागायचा. त्यांनी दिला, काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात माझी पूर्वी माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. पोळेत पहिला शिरा दिवाळीबांच्या हातचा, हे पूर्वीला माझ्याइतकंच माहीत. ती म्हणाली, "आई, बांचा शिरा हवा." मी बांकडे गेले.

बा गव्हातले खडे वेचत होत्या. ऐकून त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "पूर्वीला आशीर्वाद सांग. पण शिरा दुसऱ्या कुणाकडून करून घे. कोवळी बाळंतीण आहे. काबरीला काय झालं ते बघितलंस ना माझ्या हातानं?"

त्यांनी काबरीचं नाव घेतलं आणि माझ्यानं राहवलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसले.

"बा, मला माहीत होतं. रिक्षातच कळलं होतं. तिच्या तोंडाला तूप होतं. मी पदरानं पुसलं. डॉक्टरनी विचारलं काही खाल्लंय का, मी नाही म्हणाले. मी हो म्हणाले असते तर त्यांनी परत पाठवलं असतं आणि काही झालं नसतं. तुमचा हात नव्हता, बा. माझी जीभ होती."

बांनी गव्हाचं ताट अजून लांब सरकवलं. मग विचारलं, "मी पाणी सोडलं तेव्हा तू तिथं होतीस."

"हो."

"सुई होती तुझ्या हातात."

"हो, बा."

"तीन वर्षं रोज माझ्या ओट्यावरून गेलीस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "एकदा सुईदोरा मागायला आलीस."

मी रडत होते. त्यांनी मला थोपटलं नाही आणि गप्प राहायलाही सांगितलं नाही. मी म्हणाले, "बा, आता तरी गोड खा. बाधा खोट्या गोष्टीवर घेतली होती. माताजी समजून घेईल."

"काबरी उठली की नाही?"

"उठली."

"मग माताजीनं तिचं केलं. मी माझं मागे घेऊ?" त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तू खोटं बोललीस म्हणून माझा शब्द खोटा होत नाही, वहू. ते आता कुणाला सोडवता येणार नाही. तुला नाही, मला नाही."

मला वाटलं, आता त्या मला जायला सांगतील. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. आपले दोन्ही हात पुढं धरून त्यांनी बघितले, एकदा वरून, एकदा खालून. मग चूल पेटवली, कढई ठेवली आणि म्हणाल्या, "पीठ घरातलं आहे. तूप तुझ्या घरून आण. गूळ पण. माझ्याकडं तीन वर्षांत आलेला नाही."

मी धावत जाऊन घेऊन आले. काबरी माझ्यामागून आली आणि उंबऱ्याशी बसली, कापलेला कान आणि रुसलेला डोळा घेऊन. बा पीठ भाजत होत्या. लय तीच होती. पीठ तांबूस झालं, घरभर वास सुटला. तो रिक्षातला वास, मला तो ओळखायला वेळ लागला नाही. गुळाचं पाणी ओतलं, कढई चरचरली, वाफ वर आली. त्यांनी झाकण ठेवलं, काढलं, डाव फिरवला आणि चिमूटभर शिरा बोटावर घेतला. बोट तोंडाकडे गेलं आणि अर्ध्यावर थांबलं.

त्यांनी ते बोट माझ्यापुढं केलं. "तू सांग. गूळ बरोबर झालाय?"

मी चाखलं. गूळ फारच कमी होता. तीन वर्षांत त्यांचा अंदाज गेला होता. मनात आलं, म्हणावं, छान झालाय बा, पूर्वीसारखाच.

"कमी आहे," मी म्हणाले. "बराच कमी आहे."

बांनी मान हलवली आणि गुळाचा डबा माझ्याकडे ढकलला. "मग घाल. आणि परत चाखून सांग. आता प्रत्येक वेळी तुलाच सांगावं लागेल."